थोरलीचं पान

दोघांचं टेबल मागणारी माणसं मी चांगली ओळखते. माजिवड्याला माझं ट्रॅव्हलचं ऑफिस आहे. ऑफिस कसलं, झेरॉक्सवाल्याच्या शेजारचा एक गाळा. तिथून मी वर्षानुवर्षं वेलांकण्णीला, अष्टविनायकाला, केरळला बसगाड्या भरभरून माणसं नेली. हल्ली लोकांना जहाज हवं असतं. जहाजाच्या तिकिटात जेवण धरलेलंच असतं, मोठ्या हॉलात रांग लावा आणि पोट फुटेस्तोवर घ्या. पण त्याच जहाजावर दोन-तीन खास रेस्टॉरंटंही असतात. तिथलं टेबल आधीच कॉम्प्युटरवर बुक करावं लागतं, आणि दोन खुर्च्यांची टेबलं तिथे मोजकी. खिडकीजवळची तर देवाच्या प्रसादासारखी, हाताला लागली तर लागली. नव्या लग्नाची जोडपी आधी टेबलाचं विचारतात, मग खोलीचं. आणि टेबल मिळालं की समोरासमोर बसून आपापल्या मोबाइलात डोकं खुपसतात. म्हणून कुणाच्या टेबलासाठी मी फार जीव टाकत नाही. एकदाच टाकला, रुपाली तांडेलसाठी.

रुपाली वर्तकनगरला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते, माझ्या बरोबर डोक्यावरच्या मजल्यावर. बाजारात मासळीची पाटी मांडून बसते. तिच्याशी भाव करायला अंगात दम लागतो. एकदा एक साहेब सुरमईचा कल्ला उघडून बराच वेळ न्याहाळत होते, तर म्हणाली, "साहेब, मुलगी बघायला आलाय काय?" साहेबांनी मुकाट्याने आख्खी सुरमई घेतली. तिचा हात सुरीवर जितका चालतो तितकीच तिची जीभ. पण हीच बाई जिना चढून घरात शिरली की आवाज इतका खाली, की या दोन जुळ्या बहिणी आहेत की काय असं मला वाटायचं.

त्याला कारण तिच्या गळ्यात होतं. मंगळसूत्राच्या वर, गळ्याच्या खळग्यात, काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक. त्यावर एक बाई ठोकून काढलेली. दोन डोळे, नाक, कपाळावर ठिपका. ती म्हणजे हरिहरभाऊंची, रुपालीच्या नवऱ्याची, पहिली बायको. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांना सांगते. बिजवराशी लग्न करून आलेल्या बाईच्या गळ्यात पुष्कळ घरांतून अजूनही पहिलीचा टाक घालतात. पहिली बायको इच्छा अर्धवट ठेवून गेलेली, आणि तिचा संसार भोगणार दुसरी. तेव्हा घरात जे काय येईल ते आधी तिला दाखवायचं. नवी साडी आधी तिच्यापुढे, हळदकुंकू आधी तिला, ताटही आधी तिला. नाहीतर ती त्रास देते. मी ख्रिस्ती आहे, माझं नाव क्लेमेंटिना, पण मी हसले नाही. आम्हीही नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावून मेलेल्यांशी गप्पा मारतोच की.

हरिहरभाऊ चेंदणी कोळीवाड्यातले. बापाची खाडीत होडी होती. खाडी काळी पडली तशी होडी गेली आणि हा वागळे इस्टेटमध्ये फिटर झाला. पहिली बायको काविळीने गेली तेव्हा केतन अजून पाळण्यात होता. रुपाली आंबिवलीची, तिचा बाप काळू नदीत जाळं टाकायचा. भावांची लग्नं उरकता उरकता तिचंच वय उलटलं होतं, म्हणून बिजवर पत्करला. लग्नाच्या दिवशी सासूने, आवडाबाईने, मंगळसूत्राच्या आधी टाक तिच्या गळ्यात बांधला आणि म्हणाली, "आधी ती, मंग तू." रुपालीने आयुष्यभर हे एवढं वाक्य पाळलं.

जेवणाची शिस्त तर अशी, की ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. भात शिजला की पहिली मूद थोरलीची. कढईतली माशाची पहिली तुकडी थोरलीची, आणि पापलेट असेल तर मधला भाग तिचाच. ते पान देव्हाऱ्याखाली मांडायचं. मग हरिहरभाऊ, केतन आणि म्हातारी जेवायला बसणार. सगळ्यांचे हात धुऊन झाले की रुपालीने थोरलीचं पान उचलायचं आणि खायचं. स्वतःला वेगळं वाढून घ्यायचं नाही, कारण थोरलीचं तोंड म्हणजे आता तीच. तोवर भाताचे गोळे झालेले असायचे आणि तुकडीवरचं तेल थिजलेलं. लग्न झाल्यापासून रुपालीने स्वतःच्या घरात कधी गरम घास खाल्ला नाही, आणि नवऱ्याच्या शेजारी बसून तर एकदाही जेवली नाही.

अगदी सुरुवातीला एकदा ती चुकली होती. बाजारातून भुकेली आली, घरात कुणी नव्हतं, तिने कढईतली तुकडी तशीच उचलून तोंडात टाकली. संध्याकाळी केतनला ताप भरला आणि अंगाला झटके आले. डॉक्टरने ते तापामुळे येतात म्हणून सांगितलं. आवडाबाई नुसती कढईकडे बघत राहिली. पोरगं दोन दिवसांत खडखडीत बरं झालं, पण रुपाली त्या दिवसापासून बरी झाली नाही. तिला घरात सतत कुणीतरी असल्यासारखं वाटायला लागलं. आंघोळ करताना ती टाकावर पदर धरायची. झोपताना दोरा फिरवून टाक पाठीवर टाकायची, नवऱ्याच्या कुशीत थोरलीचे डोळे नकोत म्हणून. रोज रात्री मणक्याला टोचून टोचून तिच्या पाठीवर एक काळा डाग पडला होता. मी एकदा बाम लावून देताना पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. भूत म्हणून मला कुणी काही दाखवायचं झालं तर मी तो डाग दाखवीन.

आवडाबाई गेली तेव्हा मला वाटलं, सुटली रुपाली. कसलं काय. पान तसंच, वेळ तीच. मी भांडले तिच्याशी. तेव्हा तिने मनातलं सांगितलं. हरिहरभाऊ जेवायला बसण्याआधी रोज एकदा देव्हाऱ्याखाली नजर टाकायचे, पान मांडलंय का म्हणून. पान दिसलं की मगच पाटावर बसायचे. "बोलत नाय ते," रुपाली म्हणाली, "पण त्यांचा जीव तिच्यातच आहे गं. मी पोटभर खाल्लं काय, उपाशी राहिले काय, ते आधी तिलाच बघतात." रडली नाही, पण त्या दिवशी तिने माझ्यासाठी कापलेल्या मांदेलीची पार चटणी करून टाकली.

आणि गंमत बघा, जिची भीती तिच्याशीच बोलणं. पाटीवर गिऱ्हाईक नसलं की ती टाकाला हात लावून पुटपुटत बसायची. आज बाजार थंड आहे, केतन पास झाल्याचं कळलंय, गुडघा दुखतोय. मी चिडवायचे, की सवतीशी एवढं गूळपीठ मी कुठे पाहिलं नाही. ती म्हणायची, दिवसभर गळ्यात बसलेल्या बाईशी बोलायचं नाही तर काय करायचं?

केतन मोठा झाला, नोकरीला लागला, प्राप्ती नावाची गोड सून घरात आली. रुपालीला तो आई म्हणतो आणि जीवही तसाच लावतो. आईबाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून त्याने माझ्याकडून जहाजाची दोन तिकिटं काढली, मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत. मी त्याच जहाजावर एक ग्रुप घेऊन चालले होते, तेव्हा सोबतही होणार होती. रुपालीने माहितीपत्रक चाळलं. पोहण्याचा तलाव, नाच-गाणी, काही तिच्या डोळ्यांत भरलं नाही. एका फोटोवर बोट ठेवून ती थांबली. काचेची भिंत, बाहेर समुद्र, पांढरा टेबलक्लॉथ आणि समोरासमोर दोन खुर्च्या.

"हे मिळंल?" तिने विचारलं. मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "एकदाच, क्लेमीबाय. मी आणि हे. तिला नाय न्यायचं. मला एकदा त्यांच्यासमोर बसून जेवायचंय, गरम. आणि मला आधी वाढलेलं बघायचंय त्यांनी."

पाटीवर बसून उभ्या बाजाराला दटावणारी बाई ही, आणि मागते काय तर एक गरम ताट. बुकिंग खुलायच्या दिवशी मी सकाळी दात घासायच्या आधी कॉम्प्युटर लावला. चिनी, इटालियन आणि समुद्राच्या माशांचं, अशी तीन रेस्टॉरंटं होती. माशांचं नको, असं तिने आधीच बजावलं होतं, दुसऱ्याची बर्फातली मासळी मी कशाला खाऊ म्हणून. चायनीज केतन घरी आणतोच. मी इटालियन धरलं. आमच्या वायफायने दोनदा मान टाकली, मी त्याला आणि त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या, पण सूर्य बुडायच्या वेळचं, काचेजवळचं, दोघांचं टेबल माझ्या हाताला लागलं. निमित्त काय या रकान्यात मी लग्नाचा वाढदिवस लिहिलं. रुपालीला सांगितलं तेव्हा तिने माझ्या हातावर नुसता हात ठेवला. मासळीने गार पडलेला हात होता तो.

राहिला टाक. मला वाटलं होतं की यावरून घरात महाभारत होणार. पण प्राप्ती म्हणाली, आई, तुम्ही निवांत जा, मी थोरल्या आईचं पान रोज वाढेन. हरिहरभाऊंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. निघायच्या सकाळी रुपालीने टाक काढून देव्हाऱ्यात ठेवला, हात जोडले, काहीतरी पुटपुटली आणि मागे न बघता जिना उतरली. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी मनात म्हटलं.

तो गेला नव्हता. जहाजावर चढल्यापासून तिचा हात सारखा गळ्याकडे जात होता. खळग्यात टाकाएवढा एक फिकट गोल राहिला होता, तिथे तिची बोटं जाऊन थांबायची आणि दचकून मागे यायची. पहिल्या संध्याकाळी मोठ्या हॉलात आम्ही सगळे एका लांब टेबलावर होतो. रुपालीने ताट भरून आणलं, रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं आणि भाऊंना वाढायला वळली. तिथे वाढायचं कुणाला, जो तो आपलं घेऊन बसलेला. ती तशीच उभी राहिली, सगळ्यांचं होईपर्यंत. मग त्या रिकाम्या खुर्चीवर बसली आणि गार झालेलं ते ताट खाल्लं. जित्याची खोड म्हणतात ती ही. मी कानात म्हटलं, रुपाली, ती घरी आहे. "माहीत आहे गं," ती म्हणाली, "हात ऐकत नाय." हरिहरभाऊ समोर बसून हे सगळं बघत होते.

सकाळी तिचे डोळे सुजलेले. मी विचारलं, समुद्र लागला का? समुद्राचं काय लागतंय मला, म्हणाली, पण झोप नाही आली. पाठीला काही टोचतच नव्हतं. सारखं वाटत होतं की ती खोलीत आहे, फक्त कुठे आहे ते आज कळत नाही.

त्या संध्याकाळी मी ग्रुपला नाच-गाण्याच्या हॉलात बसवलं आणि टेबल बघायला वरच्या मजल्यावर गेले. काच होती, समुद्र होता, वर तांबडं आभाळ होतं. टेबल तेच, पण त्यावर ताटं तीन होती. तीन ग्लास, तीन घड्या घातलेले रुमाल, आणि बाजूने ओढून आणलेली तिसरी खुर्ची. माझं डोकं फिरलं. तिथल्या वेटरला मी धारेवर धरलं, की मी दोघांचं बुक केलंय, माझ्याकडे कन्फर्मेशन आहे. तो गरीब बिचारा म्हणाला की मॅडम, दुपारी सर स्वतः आले होते आणि तिघांचं करा म्हणून सांगून गेले.

म्हणजे हरिहरभाऊंनी. थोरलीसाठी. मला तर ते तिसरं ताट उचलून त्या माणसाच्या टाळक्यात घालावंसं वाटलं. बाई गळ्यातून उतरली तरी हा तिला खुर्ची देतोय. ताट उचलायला मी हात पुढे केला तेवढ्यात ती दोघं दारातून आत आली. रुपालीने जांभळी कांजीवरम नेसली होती. आयुष्यात पहिल्यांदा एका नव्या साडीची घडी तिने स्वतःसाठी मोडली होती. चार पावलं हसत आली आणि तिला ताटं दिसली. तोंडात मारल्यासारखी जागच्या जागी थांबली.

"इथंपण?" ती नवऱ्याला म्हणाली. आवाज बाजारातला नव्हता आणि घरातलाही नव्हता.

हरिहरभाऊ गोंधळले. मी तिथंच उभी होते, आणि खरं सांगायचं तर हलले नाही. ते म्हणाले, "अगं, मी तुझ्यासाठी सांगितलेलं. कालपासून बघतोय, गळा चाचपतेस, झोपत नाय. तुझं तिच्याबिगर चालत नाय, म्हणून बोललो, असूदे तिची खुर्ची."

"माझं?" रुपाली म्हणाली. "माझं नाय चालत? रोज देव्हाऱ्याखाली कोण बघतं?"

"मी बघतो. पान नसलं की तू घाबरी होतेस, म्हणून बघतो मांडलंस का ते. आई होती तोवर आईसाठी चाललेलं. नंतर तुझ्यासाठी." मग ते हसले, आणि या मुखदुर्बळ माणसाने मी कधी ऐकलं नव्हतं इतकं एका दमात बोलून टाकलं. "मला काय करायचंय तिचं? दीड वर्षाचा संसार तो. मला तिचं तोंडपण आठवत नाय आता. फोटो बघितला तर वाटतं, कोण ही परकी बाई. माझी बायको म्हटलं की मला तूच दिसतेस, रुपाली."

वेटरला त्यांनी खूण केली. तिसरं ताट गेलं, ग्लास गेला, खुर्ची गेली. मी बाजूला झाले, पण दारापाशी थांबून पाहिलंच. पहिलं ताट रुपालीपुढे आलं, वाफ निघत होती. हरिहरभाऊ हात मांडीवर ठेवून वाट बघत होते, तिने पहिला घास घ्यावा म्हणून. तिने घेतला. मी डोळे पुसले आणि खाली ग्रुपकडे गेले. मला वाटलं, पंचवीस वर्षांचं भूत एका वाक्यात उतरलं, आणि ते टेबल मी बुक केलं होतं.

दुसऱ्या दिवशी डेकवर भेटली तेव्हा मी विचारलं, कसं झालं जेवण? म्हणाली, जीभ भाजली. गरम खायची सवय नाही ना. मी हसले. ती हसली नाही. समुद्राकडे बघत बसली होती आणि हात गळ्याकडे जात नव्हता, मांडीवर नुसता पडला होता. बेटाजवळ मोबाइलला रेंज आली तसा प्राप्तीला फोन लावला. प्राप्ती म्हणाली, आई, रागावू नका हं, दोन्ही दिवस पान विसरलेच मी, पण काही झालं नाही बघा, सगळे मजेत आहोत. मला वाटलं, ऐकून हिचा जीव भांड्यात पडेल. रुपालीचा चेहरा मात्र असा झाला, जसं कुणी गेल्याचं कळवलंय.

घरी परतल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती टाक गळ्यात घालायची. पानही सुरू झालं. एवढा फरक पडला, की आता हरिहरभाऊ ऐकत नाहीत, तिला सोबत घेऊनच बसतात, म्हणजे गरम घास आणि शेजारी नवरा, जे जे मागितलं ते सगळं तिला रोज मिळतं. सोड आता हे, असं भाऊ तिला सांगून थकले. मी भाऊंच्या बाजूने होते. कुणालाच नको असलेली सवत ही बाई का सांभाळतेय, मला कळेना. शेवटी एका दुपारी बाजार उठायच्या वेळेला मी तिच्या पाटीपाशी पालथ्या डब्यावर ठाण मांडलं आणि म्हटलं, आज सांगितल्याशिवाय उठणार नाही.

ती सुरी धूत होती. म्हणाली की त्या टेबलावर पहिले दोन घास खाल्ले तेव्हा सुख वाटलं. एवढं सुख, की नवऱ्याला आणखी काहीतरी गोड विचारावं वाटलं. तर तोंडून प्रश्न निघाला, की तिला काय आवडायचं हो खायला? आपण इतकी वर्षं वाढतोय, तिच्या आवडीचं वाढलं का कधी? हरिहरभाऊंनी आठवायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, काय माहीत, सगळं खायची.

"मला हसू आलं आधी," रुपाली म्हणाली. "मग मी विचारलं, बरं, मला काय आवडतं?"

"मग?"

"पापलेट बोलले. लगेच बोलले, जराही विचार न करता. रोज तेच तर खातेस, बोलले."

पापलेट थोरलीच्या पानातलं, थोरलीसाठी तळलेलं. रुपालीला पापलेट आवडत नाही, पानात असतं म्हणून गिळते. तिला ओले बोंबील आवडतात, लसूण-मिरचीत परतलेले. ते माझ्या घरी येऊन खाते, माझ्या ओट्याशी उभी राहून. मला हे ठाऊक आहे, बाजारातल्या चारचौघींना ठाऊक आहे.

"चांगला माणूस आहे गं," ती म्हणाली. "माझ्यावर जीव आहे त्याचा, ते त्या दिवशी कळलं. पण मी समोर बसून बघत होते त्याच्याकडं. तिनं त्याला पोर दिला, त्याच्याच घरात मेली, आणि त्याला तिचं तोंड आठवत नाय. कसला राग नाय, दुःख नाय, जशी काय मागच्या स्टेशनावर उतरलेली बाई. मी एवढी घाबरायची तिला. ती कुठंच नव्हती, क्लेमीबाय. माझ्या गळ्यात होती तेवढीच होती. आणि ती खुर्ची मी उचलायला लावली."

सुरी पुसून तिने पाटीखाली ठेवली. टाकाला हात लावला नाही, पण मला वाटलं तो आमचं बोलणं ऐकतोय. खोटं कशाला बोलू, भर दुपारी मला थंडी वाजली.

"ती माझ्याशिवाय कुणाला नाय, म्हणून मी वाढते," ती म्हणाली. "केतनला तर ती ठाऊकच नाय. प्राप्ती दोन दिवसांत विसरली, तिचा काय दोष? पण मग मी मेले की मला कोण वाढणार गं? आता तिसरी काय यायची नाय, माझा टाक घालायला. आणि वाढलं तरी पापलेट वाढतील."

मी तिचा हात धरला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, "मी वाढीन. ओले बोंबील. गरम."

रुपालीने माझ्याकडे मायेनं पाहिलं.

"तू माझ्याहून मोठी आहेस, क्लेमीबाय," ती म्हणाली आणि उरलेली मासळी टोपलीत भरायला लागली.